बोटभर फट

कांबळेबाई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी भिंतीवर टकटक करायच्या. डॉक्टर पाठ ठोकून बघतात ना, तशी. मग मान तिरकी करून ऐकायच्या आणि घरच्या बाईला सांगायच्या, "ही भिंत चार इंची आहे. हिच्याजवळ सुनेबद्दल बोलू नका." घरच्या बाईला आधी राग यायचा. मग ती चहा ठेवायला आत जाता जाता हळूच विचारायची, "मग कुठल्या भिंतीजवळ बोलू?"

पलूसच्या हायस्कूलमध्ये त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर नवरा-बायको सांगलीत कुपवाड रस्त्याला राहायला आले, ते आमच्या शेजारी. शेजारी म्हणजे अगदी चिकटून. दोन घरांत मिळून एक भिंत. बाई उंच, काठीसारख्या सरळ, सुती साडी आणि पायात पुरुषी सँडल. आवाज असा, की वर्गात खडू खाली पडला तर तोही घाबरून उभा राहत असेल. आणि गंमत म्हणजे हीच बाई दुसऱ्याला सारखी सांगायची, "हळू बोला."

त्या वेळी मी एकसष्ट वर्षांची कोवळी पोर होते. अक्कल यायची होती. मालक मिलिटरीतून रिटायर होऊन आले, दहाएक वर्षं निवांत जगले आणि एक दिवस मला न विचारता निघून गेले. थोरला पुण्याला, धाकटा बापासारखा फौजेत, लेक सासरी. मी रोज फोनकडे बघत बसायची. मग एकदा आटपाडीला पाहुण्यांकडे गेले तिथं मिरची कांडप बघितलं आणि डोक्यात शिरलं. घरी येऊन मागच्या खोलीत डंक बसवला. लोखंडी मुसळं वर जातात आणि दणकन खाली येतात, त्यात भाजलेल्या मिरच्या, धणे, खोबरं कुटून वर्षाची चटणी होते. बाहेर पाटी रंगवून घेतली, 'रणरागिणी मिरची कांडप'. मी रोज सकाळी त्या पाटीकडे असं बघायची, जसं काही टाटा-बिर्लांना आता झोप लागणार नाही.

आवाज? आवाज तर होताच. पण मला वाटायचं, आवाज हीच आपली जाहिरात. चौकापर्यंत दणदण ऐकू गेली पाहिजे, म्हणजे बायका म्हणतील, आक्कांचा डंक सुरू झाला, चला मिरच्या घेऊन.

चौथ्या-पाचव्या दिवशी कांबळेबाई दारात.

मी आधीच पवित्र्यात. "आवं बाई, डंक हाय त्यो. मुक्यानं मिरची कुटतूय व्हय?"

बाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी सांगायला नाही आले. दाखवायला न्यायला आले. डंक चालू राहू दे, तुम्ही चला."

डंकावर सुरेखाला बसवलं, ती माझ्याकडे कामाला होती, आणि पदर खोचून मी निघाले. बाईंनी आतल्या खोलीत नेलं. कॉटवर आनंदराव, बाईंचे मिस्टर. एसटीत ड्रायव्हर होते. आख्खं आयुष्य इंजिनच्या घरघरीत गेलेला माणूस, आता अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. बाईंनी कॉटजवळच्या फरशीवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली होती. डंकाचा दणका बसला की वाटीतल्या पाण्यावर गोल उठायचा. आणि त्याच वेळी आनंदरावांचा चांगला हात चादरीवर उडायचा. गोल, हात. गोल, हात. डोळे मिटलेले, पण पापण्या थरथरत होत्या.

"पहाटे तेवढी झोप लागते," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, झोप हेच औषध. तुम्ही सकाळी सुरू करता, मग दिवसभर हे असं."

डंक चालू ठेवावा तर हा माणूस झुरणार. बंद करावा तर मी परत फोनकडे बघत बसणारी म्हातारी. घरी येऊन डंक बंद केला. सुरेखानं विचारलं, "काय झालं आक्का?" मी म्हटलं, "लाईट गेली." वर पंखा गरगरत होता.

संध्याकाळी बाई परत आल्या. मला वाटलं, आभार मानायला. त्या डंकाला वळसा घालून, खाली वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "बंद कशाला केलात? बंद करणं म्हणजे उत्तर नाही, पळवाट आहे. आवाज कुठून येतो ते बघू की." आणि त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं, ते मी नंतर कितीदा तरी बघितलं. नवऱ्याच्या काळजीनं आलेली बाई होती, पण तेवढीच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ठरलं असं, की तोड निघेपर्यंत डंक फक्त दुपारी दोन तास चालायचा. त्या वेळात बाई आनंदरावांना खुर्चीत बसवून पुढच्या व्हरांड्यात आणायच्या.

आता माझी हुशारी ऐका. मोबाईलवर कुणाची तरी गाणी रेकॉर्ड करायची खोली बघितली. भिंतीभर खळगे खळगे. मला वाटलं, हे तर अंड्यांचे ट्रे! पोल्ट्रीवाल्याकडून रिक्षाभर ट्रे आणले आणि सुरेखानं अन् मी खळ लावून भिंती मढवल्या. डंक सुरू केला आणि काय सांगू, आवाज मऊ झाला! खोलीतला तो कर्कश घुमारा गेला. मी धावत बाईंकडे. "बाई, जिंकलो!"

बाईंनी फरशीवरच्या वाटीकडे बोट दाखवलं. गोल, गोल, गोल.

"तुमच्या खोलीतला आवाज गोड झाला, आक्का. माझ्या खोलीतला होता तेवढाच आहे. आवाज पिणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. स्पंज पाणी पितो, पण स्पंजाचं धरण बांधतं का कुणी?"

मी हरणारी नव्हते. स्पंज नको, तर जाड काहीतरी लावू. ट्रंकेत सासूबाईंच्या हातच्या वाकळा होत्या, लुगड्यांवर लुगडी शिवून केलेल्या, एकेक उचलायला दोन बायका लागाव्यात अशा. त्या सगळ्या मधल्या भिंतीवर खिळे ठोकून टांगल्या. आवाज थोडा भरड झाला, एवढंच. महिन्यानं त्या उतरवल्या, झटकल्या आणि परत ट्रंकेत. दिवाळीला लेक-जावई आले. जावईबापू दुपारी जेवून आडवे झाले, मी मायेनं सासूबाईंची वाकळ अंगावर घातली. पहिली शिंक आली तेव्हा मी म्हटलं, कुणीतरी आठवण काढतंय. पुढं सगळी सांगली आठवण काढायला लागली. महिनाभर मिरचीची धूळ प्यायलेली वाकळ ती! जावई डोळे चोळत अंगणात आणि मी पाण्याची घागर घेऊन मागं.

शिंका ऐकून बाई कुंपणाशी आल्या. काय झालं ते कळल्यावर अशा हसल्या, की कुंपणाला धरावं लागलं. म्हणाल्या, "बघ, वाकळेनं आवाज किती प्यायला ते माहीत नाही, पण मिरची सगळी प्यायली!" त्या दिवसापासून मी त्यांची 'तू' झाले.

मग बाईंनी शाळा भरवली. आमच्या मालकांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली. तिच्यात बाईंचं गजराचं जुनं घड्याळ वाजत ठेवायचं, भोवती एकेक वस्तू भरायची, झाकण लावायचं आणि अंगणात कुठपर्यंत ऐकू येतं ते बघायचं. दुपारी चटणी कुटायला आलेल्या बायकाही मिरच्यांची पोती बाजूला ठेवून पैज लावायच्या. थर्माकोलवर सगळ्यांचा विश्वास. बाई म्हणाल्या, "लावा." थर्माकोल भरला, घड्याळ खुशाल ओरडत राहिलं. "थर्माकोल म्हणजे नुसती हवा. थंडी अडवेल, आवाजाला काय त्याचं?" मग कापूस. घड्याळाचा ठणठणाट बसका झाला, पण ऐकू येतच होतं. मग घड्याळ डब्यात घालून भोवती वाळू ओतली. एकदम गप्प. बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या.

"जड पाहिजे," बाई म्हणाल्या. "हलकी वस्तू आवाजाबरोबर डुलते, जड वस्तू जागची हलत नाही. घरातल्या थोरल्या बाईसारखी."

"आमच्या सासूसारखी," एकजण म्हणाली. "पर ती गप नसतीय."

आणि मग बाईंनी ट्रंकेचं झाकण एक बोट वर उचललं. घड्याळ अंगणभर! वाळू होती तिथंच होती, जड होती तेवढीच होती. बाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "बोटभर फट, घरभर बाजार."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पुढं मी ते दाराबद्दल ऐकलं, खिडकीबद्दल ऐकलं, एकदा तर माझ्या तोंडाबद्दलही ऐकलं.

पण मूळ कोडं सुटलं नव्हतं. वाळूची भिंत बांधली तरी वाटीतलं पाणी हलायचं थांबेल का? बाई खुर्चीत बसून ट्रंकेकडे बघत राहायच्या, भात करपला तरी कळायचं नाही. कोडं सुटलं ते माझ्या कंजूषपणामुळं. वाळूनं मालकांच्या ट्रंकेच्या तळाचा रंग खरवडायला लागला होता. माझा जीव कळवळला. मी वाळू काढून टाकली, डोक्यावर घागर घ्यायची चुंबळ होती ती ट्रंकेत ठेवली आणि तिच्यावर घड्याळ. बाकी ट्रंक रिकामी. बाईंनी झाकण लावलं आणि तशाच वाकून राहिल्या. आवाज होता, पण ट्रंकेचा तो पत्रा घणघणायचा, ते बंद झालं होतं.

त्यांनी चुंबळ काढली. घणघण. चुंबळ ठेवली. नाही. परत काढली, परत ठेवली. मग उठून मला दंडाला धरून गदागदा हलवलं.

"आक्का, आपण इतके दिवस भिंतीकडे बघतोय! दणका भिंतीतून जातच नाही गं नुसता. जमिनीतून जातोय! तुझा डंक फरशीवर उभा, फरशी भिंतीला लागलेली, भिंत माझ्या फरशीला. आगगाडीच्या रुळाला कान लावतात तशी आमच्या ह्यांची कॉट लागलीय तुझ्या डंकाला. डंकाला चुंबळ पाहिजे!"

आता बाई चुकत नसत असं समजू नका. पहिली चुंबळ त्यांनीच ठरवली, सोफ्यात घालतात तो फोम. मऊ म्हणजे चांगला, असा त्यांचा हिशोब. चौघांनी डंक उचलून फोमवर ठेवला. फोमचा तिथल्या तिथं पापड झाला, आणि डंक सुरू केल्यावर तो पापडावरून घसरत घसरत दाराकडे निघाला. सुरेखा ओरडली, "आक्का, डंक पळाला!" मी बटण बंद करेपर्यंत त्यानं उंबरा गाठला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "चुकलं माझं. मऊ नको, दबून परत वर येणारं पाहिजे." चूक झाली की बाईंचा चेहरा पडायचा नाही, उलट खुलायचा. एक रस्ता बंद झाला, म्हणजे आता थोडेच उरले, असं काहीतरी त्यांचं गणित होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कुपवाडच्या भंगारवाल्याकडे. कारखान्यातला जुना पट्टा होता, ज्याच्यावरून माल सरकत जातो तो, जाड रबराचा. बाईंनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेका तुकड्यावर टाकून बघायला लागल्या. टप्. टाक्. टप्. प्रत्येकाला कान लावून.

भंगारवाला वैतागला. "ओ बाई, रबर न्यायचंय का वाजवायचंय?"

"जे वाजत नाही ते न्यायचंय," बाई म्हणाल्या.

"लय झालं बघा. सगळं न वाजणारंच हाय. वाजणारं पाहिजे तर माझी बायको हाय घरात."

"तिलाही भेटू," बाई म्हणाल्या आणि किल्ल्या परत टाकल्या.

मग काम निघालं. डंकाखालची फरशी फोडली, खड्डा घेतला. खड्ड्यात पट्ट्याचे थर, त्यावर काँक्रीटचा जड ठोकळा, ठोकळ्यावर डंक. ठोकळ्याच्या चारी बाजूंनी मोकळी जागा, तो कुठंही घराला शिवायचा नाही. मधल्या भिंतीपासून चार बोटं सोडून आमच्या बाजूनं दुसरी भिंत. गवंड्याला ते पटेना. "बाई, मधी भरून टाकतो की. मजबूत हुईल."

"मजबूत नको, मला अबोला पाहिजे," बाई म्हणाल्या. "दोन जावांसारखा. एका घरात राहायचं, पण एकमेकींना शिवायचं नाही. मधे एक जरी विटेचा तुकडा पडला तर तो चहाडी करणार, इकडचं तिकडं सांगणार." आणि त्या फटीत माल पडू नये म्हणून तिथं गोणपाट सोडून स्वतः स्टूल टाकून बसल्या. गवंडी मला हळूच म्हणाला, "आक्का, मास्तरीण हाय का फौजदार?"

दाराच्या कडेला सायकलची ट्यूब कापून लावली, बोटभर काय, केसभर फट राहू नये म्हणून. आणि मोठ्या दिमाखात डंक सुरू केला. दोन मिनिटांत सुरेखा बाहेर, मागून मी, माझ्यामागं नाकाला पदर लावून कांबळेबाई. मिरचीचा खकाणा कोंडलेला! आवाज अडवला, आणि हवाही अडवली. अंगणात तिघी खोकत, रडत, हसत बसलो. शेवटी पंखा लावला आणि हवा बाहेर जायला लाकडी बोगदा केला, वाकडातिकडा, आतून काथ्या लावलेला. "हवेला वळणं चालतात," बाई म्हणाल्या, "आवाज वळणावळणावर भिंतीला धडकतो आणि काथ्या त्याला पितो. इथं मात्र तुझा स्पंज कामाचा, आक्का." मी इतकी फुगले, की अंड्यांचे ट्रे जणू मीच शोधले होते.

मग आली ती सकाळ. मी डंक सुरू केला. सुरेखाला म्हटलं, चालू ठेव, काही झालं तरी बंद करू नको. बाहेर अंगणात उभी राहिले आणि बाईंच्या दाराकडे बघायला लागले.

बऱ्याच वेळानं बाई आल्या. हातात ती वाटी, काठोकाठ भरलेली. एक थेंब सांडू न देता, नवरी औक्षणाचं ताट आणते तशा पावलांनी. मला दंडाला धरून आत नेलं. वाटी फरशीवर ठेवली. पाणी स्थिर झालं आणि स्थिरच राहिलं. वरच्या पंख्याचं चित्र त्यात दिसत होतं. कॉटवर आनंदराव झोपले होते, तोंड थोडं उघडं, चांगला हात पोटावर सैल पडलेला. घोरत होते.

बाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "हा आवाज मात्र राहू दे."

आनंदराव पुढं दोन वर्षं त्या कॉटवर होते. गेले तेही झोपेतच. मी डंक बंद ठेवला. त्यांच्याकडचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर बाई स्वतः आल्या. "सुरू कर. बायकांच्या मिरच्या खोळंबल्यात." मी सुरू केला. बाई डंकाच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मी दार लोटायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. उघडंच चालू दे आज." मला वाटलं, त्यांना उकडत असेल. मी पंखा वाढवला. एवढी माझी समज! आता त्रेसष्ट-चौसष्टची झाले होते, तरी कोवळीच.

मग साताऱ्याहून लेक आली आणि बाईंना घेऊन गेली. निघताना बाईंनी सामान थोडंच घेतलं. खड्ड्यात भरून उरलेला पट्ट्याचा एक तुकडा माझ्या अंगणात पडला होता, तो उचलून पिशवीत टाकला. लेक म्हणाली, "आई, हे काय भंगार?" बाई म्हणाल्या, "असू दे. कामाला येतं."

गेल्या वर्षी मी साताऱ्याला गेले होते त्यांना भेटायला, चटणीची बरणी घेऊन. फ्लॅट छान. हायवे जवळ, पण आत आलं की काही ऐकू येत नाही. लेकीनं अभिमानानं दाखवलं, "मावशी, सगळ्या खिडक्यांना दुहेरी काच बसवली. आईला आवाजाचा त्रास होतो ना, म्हणून." लेकीच्या मायेला नाव ठेवायला जागा नव्हती. बाई वाळल्या होत्या, पण मी बसायच्या आधी मला हाताला धरून भिंतीकडे नेलं. "टकटक कर." मी केलं. भरीव. "सहा इंची," त्या म्हणाल्या. "इथं इतकं गप्प आहे आक्का, की बसले तर माझे गुडघे ऐकू येतात."

लेक चहा ठेवायला गेली, तसं मी विचारलं, "करमतं का वो?"

"लेक चांगली आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुझ्या डंकाचं कसं आहे?"

"चालतूय की. दणदण."

"सकाळी किती वाजता सुरू करतेस?"

"तुमी होता तवाच. सडा-रांगोळी झाली की."

बाईंनी डोळे मिटून मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी.

निघताना त्या दारापर्यंत आल्या, खाली उतरायला गुडघे नको म्हणाले. मी जिना उतरून रस्त्यावर आले, रिक्षाची वाट बघत वळून वर बघितलं. इमारतीच्या सगळ्या खिडक्या ओळीनं बंद, उन्हात काचा चकाकत होत्या. दुसऱ्या मजल्यावरची एक तेवढी सरकवून ठेवलेली. परत मिटू नये म्हणून खालच्या खाचेत काहीतरी काळं अडकवलेलं होतं. कुपवाडचा पट्टा मी कुठंही ओळखेन.

हायवेवरून ट्रक जात होते. मी तोंडाशी हात धरून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "बाई! चटणी फ्रिजमदी ठिवू नका! वास जातोय!"

फटीतून एक बोट बाहेर आलं, वर्गात गोंधळ करणाऱ्या पोरीवर रोखावं तसं, आणि मागून तो खडूलाही उभं करणारा आवाज.

"ऐकू आलं! हळू बोल!"